हौसाचं विरजण

एक होता राजा. त्याला दोन वेडं. एक चांदीचं आणि दुसरं ताकाचं. पाय पांघरुणाच्या आत घ्या आधी, मग सांगते.

एकदा काय झालं, राजाचं तळं आटलं आणि तळाशी एक काळा रांजण सापडला. त्यात चमचाभर दही टाकलं, की खणकन एक रुपया बाहेर! राजानं लगेच दवंडी पिटवली. वाटीभर दही आणा, एक रुपया न्या. मग काय, गावोगावचे लोक धावले. गाडगी बोटानं पुसून पुसून दही आणलं. उद्याच्या दुधाला विरजण हवं, म्हणून कुणी थोडं मागे ठेवलं का? नाही ठेवलं, बरं का! मला तर त्या लोकांचा अजून राग येतो. शेजारणीकडे मिळेल, असं जिला तिला वाटलं. आणि शेजारणीनंही तेच केलेलं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी दूध होतं, पण दही काही लागेना. कुणीतरी म्हणालं, चांदीचा रुपया दुधात टाका, विरजेल. टाकले. राजानं तर हंड्यात पोतंभर ओतले. दूध नासलं आणि रुपये तेवढे धुवायला लागले.

त्या राज्यात हौसा नावाची मुलगी होती. असेल आठ-नऊ वर्षांची. तिचा धाकटा भाऊ नाथू आजारी पडला. त्याच्या पोटात काही ठरेना. वैद्य म्हणाले, "ताकभाताशिवाय ह्याला काही पचायचं नाही." आई डोक्याला हात लावून बसली. घरातलं दही रांजणात गेलेलं आणि कोनाड्यात त्याचे सात रुपये. नाथू दिवसेंदिवस वाळत चालला.

हौसा म्हणाली, "आई, मावशीचं गाव तीन डोंगरांपलीकडे आहे. तिथवर दवंडी पोचली नसेल. मी विरजण आणते."

"एवढीशी तू, जाशील कशी?"

"चालत. जाते म्हणजे जाते."

आणि गेली. मावशीनं गाडग्यात दही घातलं. हौसानं कोनाड्यातून आणलेले सात रुपये पुढे केले, तशी मावशी रागावली. "वेडे, विरजणाचे कुणी पैसे घेतं का? मागितलंस, दिलं. पण ऐक. उन्हात हे दिवसभरात आंबून जाईल. रोज संध्याकाळी ताज्या दुधात लाव. आणि जिच्या घरचं दूध घेशील, तिला अर्धं दही ठेव."

पहिल्या दिवशी भेटली धनगरीण. ती म्हणाली, "दोन रुपये घे, पण सगळं दे."

"पैसे नकोत, दूध दे," हौसा म्हणाली. सकाळी अर्धं धनगरणीचं, अर्धं हौसाचं. दुसऱ्या दिवशी भेटली कुंभारीण. तिलाही अर्धं ठेवलं. मग आला तिसरा दिवस. आली नदी. शेवाळावरून पाय घसरला आणि गाडगं फुटलं! हौसा रडली, अगदी भोकाड पसरून रडली. मग डोळे पुसून बघते, तर एका खापरीवर बोटभर दही राहिलेलं. तिनं त्यावर पळसाचं पान झाकलं आणि निघाली.

वेशीवर शिपायांनी पाहिलं. राजा धावत आला. म्हणाला, "पोरी, हत्तीवर चांदी लादून देतो. ते मला दे."

"विकायचं नाही."

"अगं, मी राजा आहे!"

"असाल. आधी माझा भाऊ."

राजाला हिसकावता आलं असतं. पण झटापटीत बोटभर दही मातीत गेलं असतं, तेवढं त्यालाही कळत होतं. "मग मी काय करू?" तो म्हणाला.

"आमच्या आळीत वाटी घेऊन येतात आणि मागतात. उद्या दही लागलं की या."

घरी येऊन तिनं दूध विरजलं. सकाळी बघते, तर कसं घट्ट दही! आईनं ताक केलं. नाथूनं ताकभात खाल्ला आणि तो पोटात ठरला. मग बारीक आवाजात म्हणाला, "अजून." त्या एका शब्दानं आईच्या डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात दारात राजा. अनवाणी, हातात वाटी. त्याला मागायची सवयच नव्हती हो! आधी म्हणाला, "दे." हौसानं नाथूला घास भरवला. मग कमरेची थैली काढली. हौसानं दुसरा घास भरवला. मग मान खाली घालून म्हणाला, "हौसाबाई, थोडं विरजण देता का?"

"घ्या की," हौसा म्हणाली आणि चमचाभर घातलं. राजा दोन्ही हातांनी वाटी धरून घरी गेला. त्याच्या मागे सगळी आळी वाट्या घेऊन उभी होती. मग या घरून त्या घरी, राज्यभर पुन्हा दही लागलं. राजानं तो रांजण तळ्यात सोडला आणि वर पाणी भरून घेतलं.

आणि त्या सात रुपयांचं? आईनं शेळी घेतली. रुपया कामाचाच असतो, बाळांनो. फक्त त्यानं दूध विरजत नाही.

तर नाथू बरा झाला, राजा ताक प्यायला, सगळे सुखात राहिले. मीही आत्ताच दुधाला विरजण लावून आलेय. ते हलवलं तर दही लागत नाही. तुम्हीही आता तसंच हलायचं नाही. मिटा डोळे.