अकराव्या दिवशीच्या तुळया

एकदा एका घाटाखालच्या गावात दाजीबा नावाचा एक वृद्ध सुतार राहत होता. सुतारकाम त्याने साठीनंतर सोडले. पुढे तो फक्त लाकूड टिकवण्याचे काम करू लागला. आंब्याचे लाकूड गरिबाला परवडते, पण लाकूड पोखरणारा भिरूडही आधी त्यालाच लागतो. अळी आतल्या आत खात जाते आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी तुळई आतून पिठाची होते. यावर दाजीबाचा उपाय साधा होता. नुकतेच चिरलेले ओले लाकूड तो टाकणखार आणि बोरिक पावडरच्या कोमट पाण्यात बुडवी, मग एकावर एक रचून ताडपत्रीत घट्ट गुंडाळी आणि दीड महिना सावलीत ठेवी. लाकडातला ओलावा हीच त्या क्षाराची वाट. त्या वाटेने तो हळूहळू गाभ्यापर्यंत पोचतो. ताडपत्री लवकर काढली तर लाकूड सुकते, वाट बंद होते आणि क्षार वरच्या बोटभर थरातच अडकून राहतो.

दाजीबाकडे कुमुद नावाची एक स्त्री हे काम शिकत होती. सात वर्षांपूर्वी तिच्या घराचा माळा कोसळला, खाली बसलेला तिचा नवरा धान्याच्या पोत्यांखाली सापडला आणि गेला. तेरावे झाल्यावर दाजीबा स्वतः तिच्या दारी आला होता. "माझ्या वखारीत ये. माझ्याजवळ आहे ते सगळं शिकवतो," एवढेच तो म्हणाला. गावाने त्याला देवमाणूस म्हटले. कुमुदनेही मनोमन तेच म्हटले.

ती मन लावून शिकली. सातव्या वर्षी दाजीबा पंधरा दिवस लेकीच्या गावी गेला, तेव्हा वखार त्याने निर्धास्तपणे तिच्या हाती सोपवली.

त्या वेळी ताडपत्रीखाली सहा तुळया होत्या, गावात नव्याने उभ्या राहणाऱ्या बालवाडीच्या छपरासाठी. त्या गुंडाळल्याच्या अकराव्या दिवशी बालवाडीच्या शिक्षिका वखारीत आल्या.

"कुमुदताई, भिंती उभ्या राहिल्या. फक्त तुळयांसाठी सगळं अडलंय."

"अजून महिनाभर तरी लागेल, बाई."

"महिनाभर पोरं कुठे बसवू? पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी अंगाची लाही होते. काल एक मूल चक्कर येऊन पडलं. तुमचं ते पाणी लावून झालंय ना?"

"लावून झालंय. पण आत मुरायला..."

"मग झालं तर! वरून रंगही देणार आहोत आम्ही. पोरांकडे बघून तरी द्या."

कुमुदला मूलबाळ नव्हते. चक्कर येऊन पडलेले ते मूल तिला डोळ्यांसमोर दिसू लागले. तिने ताडपत्री सोडली आणि तुळया टेम्पोत चढवून दिल्या. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दाजीबा परतला. रिकामी जागा पाहून त्याने विचारले, "तुळया?"

"बालवाडीला दिल्या."

"कितव्या दिवशी?"

"अकराव्या."

दाजीबाने खुंटीवरची करवत काढली, फळीवरच्या दोन बाटल्या पिशवीत टाकल्या आणि आल्या पावली चालू लागला. कुमुद त्याच्या मागून निघाली.

बालवाडीच्या अंगणात सहाही तुळया आडव्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर चढवायच्या होत्या. गवंडी जेवायला बसले होते. दाजीबाने पहिल्या तुळईवर पाय रोवला आणि ती बरोबर मधोमध कापली. एका बाटलीत स्पिरिटमध्ये कालवलेली हळद होती, दुसरीत पातळ केलेले तेजाब. कापलेल्या तोंडावर त्याने आधी एक आणि मग दुसरे लावले. क्षार जिथवर पोचतो तिथवर हळद लाल होते. इथे कडेने बोटभर लाल रेघ उमटली आणि आतला सगळा भाग पिवळाच राहिला.

लोक जमले. दाजीबाने दुसरी तुळई कापली. मग तिसरी.

"आजोबा, काय चालवलंय तुम्ही हे?" शिक्षिका रडवेल्या होऊन म्हणाल्या. "पोरांचं छप्पर आहे ते!"

दाजीबाने चौथी तुळईही कापली. मग धाप लागून तो तिथेच मातीत बसला.

कुमुदचा चेहरा लाल झाला होता. "सात वर्षं तुमच्या हाताखाली राबले," ती म्हणाली. "एक चूक झाली. रागवायचं होतंत मला, वखारीत. गावासमोर माझी अब्रू कशाला काढली? तुळया परत नेल्या असत्या, पुन्हा बुडवल्या असत्या!"

"सुकलेल्या लाकडात ते आता तितकं खोल उतरत नाही. आणि अखंड ठेवल्या असत्या, तर कुणीतरी दया येऊन वापरल्याच असत्या."

"मीही दया येऊनच दिल्या! आणि दिल्या म्हणून काय झालं असतं? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाही कळलं नसतं," दाजीबा म्हणाला. "मलाही बारा वर्षं कळलं नव्हतं."

कुमुदला अर्थ लागला नाही. दाजीबा जमिनीकडे बघत बोलू लागला.

"तुझ्या लग्नाआधी तुझे सासरे माझ्याकडे आले होते. घरात सून येणार, त्याआधी माळा पुरा व्हायला हवा, म्हणून हात जोडून उभे राहिले. भला माणूस. मला नाही म्हणवेना. तुळई मी नवव्या दिवशी काढून दिली. तुझ्या लग्नात त्याच माळ्याखाली बसून जेवलो, आणि आपण एका बापाचा शब्द राखला म्हणून मनात सुखावलो. माळा पडला त्या दिवशी ती तुळई उचलायला मीही होतो. टोकाला माझ्या पटाशीची खूण होती. आत पीठ होतं. कुमुद, लोभ समोर आला की माणूस सावध होतो. दया आली की तो सावधपणा सोडतो, आणि वर स्वतःला चांगला समजतो. लाकडाला या दोन्हींतलं काही कळत नाही. त्याला फक्त दिवस कळतात."

कुमुदचे सासरे तिच्या लग्नानंतर दोन वर्षांतच वारले होते. माळ्याची तुळई कुठून आली, हे सांगणारे घरात कुणीच उरले नव्हते.

तिने विचारले, "तेराव्यानंतर माझ्या दारात आलात, तेव्हा हे ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि सात वर्षं माझ्या हातचा चहा घेतलात."

"घेतला."

"गाव तुम्हाला देवमाणूस म्हणत होतं, तेव्हाही गप्प बसलात."

दाजीबाने मान खाली घातली. "रोज सकाळी ठरवत होतो, आज सांगायचं. तूही तेच केलंस, म्हणून आज बोललो. नाहीतर कदाचित न सांगताच मेलो असतो. एवढाच धीर आहे माझ्यात."

कुमुदला वाटले, या म्हाताऱ्याला इथेच सोडून निघून जावे. शिव्या देण्यासाठी तिने तोंड उघडलेसुद्धा. पण समोर दोन तुळया अजून अखंड पडल्या होत्या, आणि त्या तिने दिलेल्या होत्या. त्यांच्याखाली पुढे रोज तीस मुले बसणार होती. म्हाताऱ्याला द्यायची प्रत्येक शिवी तिला आधी स्वतःच्या तोंडावर घ्यावी लागली असती. तिचा राग तसूभरही कमी झाला नाही. फक्त तो आता एकट्या म्हाताऱ्यावर ठेवता येईना.

ती पुढे झाली. तिने दाजीबाच्या हातून करवत घेतली आणि उरलेल्या दोन्ही तुळया कापल्या. मग ती शिक्षिकेकडे वळली.

"बाई, चूक माझी आहे. नवं लाकूड उद्या चिरायला घालते. दीड महिना लागेल."

"आणि तोवर पोरं?"

"शेडवर गवताचे भारे टाकून देते, ऊन कमी होईल. पण दीड महिना म्हणजे दीड महिना."

परतताना ती दाजीबाच्या चार पावले पुढे चालत होती. वखारीच्या दाराशी ती थांबली, पण मागे वळली नाही.

"मी माफ करणार नाही तुम्हाला."

"मी मागतही नाही."

"उद्या लवकर या. तुळया मोठ्या आहेत, एकटीला उचलवणार नाहीत."

दाजीबा त्यानंतर तीन वर्षे जगला. दोघे रोज एकाच तुळईची दोन टोके धरत. कुमुदने त्याला पुन्हा चहा कधी दिला नाही, आणि त्याने विचारलाही नाही. त्याच्या आजारपणात औषध मात्र तीच वेळेवर देई, मोजून, न बोलता. तो गेल्यावर परगावाहून आलेले लोक तिला म्हणाले, "देवासारखा गुरू होता तुझा." कुमुद म्हणाली, "माणूस होता," आणि आत कामाला निघून गेली.