सुगंधाचा बकलावा

अक्रोडाच्या रानाला लागून एक इवलंसं घर होतं. त्या घरात आठ वर्षांची सुगंधा जुलेखाचाचीबरोबर राहायची. सुगंधाची आई देवाघरी गेली, तेव्हा शेजारच्या या चाचीनंच तिला कुशीत घेतलं होतं. पण समुद्रापलीकडून आलेली ही प्रेमळ चाची आता अंथरुणाला खिळली होती. चार दिवसांत तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. वैद्यबुवा म्हणाले, पोटात चार घास गेले तर ही उठेल, नाहीतर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. बिचारी सुगंधा! चाचीला काही झालं तर तिला जवळ घेणारं दुसरं कोणीच नव्हतं.

चाचीला एकच गोष्ट खावीशी वाटत होती, तिच्या देशातला गोड, पापुद्र्यांचा बकलावा. घरात होतं नुसतं पीठ. मग सुगंधा फाटका परकर सावरत रानात अक्रोड वेचायला गेली. कोवळ्या उन्हात हिरवी-पोपटी पानं चमचमत होती. परडी भरता भरता ती प्रत्येक झाडाखाली थोडे अक्रोड मुद्दाम तसेच ठेवत होती. खारुताईच्या पिल्लांनी काय खायचं, असं तिला वाटे.

एवढ्यात पानाआडून एक परी डोकावली. केवढीशी, बोटाएवढी! तिचे चिमुकले पंख पिस्त्यासारखे हिरवे होते आणि झग्यावर सोनेरी टिकल्या लुकलुकत होत्या.

"खारींचा वाटा ठेवणारी तू पहिलीच गं," परी म्हणाली. "तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन."

पण परी झाली तरी तिचे नियम कडक. पहिल्या दोन इच्छांना फक्त एकेक जिन्नस मिळणार, रांधायचं मात्र सुगंधानं स्वतः. आणि तिसरी इच्छा फक्त स्वतःसाठी मागायची, दुसऱ्या कोणासाठी मागितली तर ती फुकट जाणार.

सुगंधानं तूप मागितलं, मग साखर मागितली, आणि धावतच घर गाठलं.

बकलावा कसा करतात हे चाचीनं तिला गोष्टीसारखं सांगितलं होतं. तिनं कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ पोळ्या लाटल्या. एकेका पोळीला तूप लावून थर रचले, मध्ये कुटलेले अक्रोड पसरले आणि सुरीनं नाजूक वड्या पाडल्या. ताटाखाली निखारे, झाकणावर निखारे. वड्या कशा गुलाबी फुलून आल्या! पाक कसा घालायचा ते मात्र आठवेना. मग तिला आठवले आईचे चिरोटे. आई ते गरम गरम पाकात सोडायची. सुगंधानंही वाफाळत्या वड्यांवर उकळता पाक ओतला.

आणि सगळ्याचा लगदा झाला. कुरकुरीत पापुद्रे पार विरघळून गेले. तूप संपलं होतं, साखर संपली होती. सुगंधा चुलीपाशी बसून हुंदके देऊ लागली.

परी हळूच तिच्या गुडघ्यावर उतरली. "अजून एक इच्छा आहे, सोनुले. पण स्वतःसाठी हं. नवा परकर देऊ? रेशमी?"

सुगंधानं डोळे पुसले. चाचीला बरं कर, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण ते चालणार नव्हतं. ती खूप वेळ विचार करत राहिली.

"मला फार भूक लागलीय," ती म्हणाली. "पण मला एकटीला घास गिळत नाही. मला माझ्या चाचीबरोबर जेवायचंय."

परी जरा गोंधळली. तिनं मनातल्या मनात नियम तपासून पाहिला. इच्छा तर स्वतःसाठीच होती! मग ती इतकं गोड हसली की तिचे पंख थरथरले, आणि लख्ख सोनेरी उजेडानं सगळं घर भरून गेलं.

चाचीनं डोळे उघडले. "पोरी, तू जेवली नाहीस?"

"तुझ्याशिवाय कशी जेवू?"

चाची उशीला टेकून बसली. सुगंधानं ताट आणलं. चाचीनं एक घास तिला भरवला आणि एक आपल्या तोंडात घातला.

"वड्या गरम असल्या की पाक गार घालायचा असतो," ती म्हणाली. "उद्या मी चुलीपाशी बसून दाखवते. आण अजून थोडा बकलावा."

तो उजेड चमचमत चमचमत खिडकीबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर परीही दिसेनाशी झाली. दोघींनी ते पाहिलंच नाही. त्या ताट चाटूनपुसून साफ करत होत्या.