वेशीतला भंडारा

एका डोंगराच्या कुशीत बोरखळ नावाचं गाव होतं आणि त्या गावात मायाप्पा नावाचा एक वस्ताद राहत होता. कुस्तीचा नव्हे बरं का, धावण्याचा वस्ताद.

आता धावण्याला वस्ताद कशाला, असं कुणी म्हणेल. तर त्या डोंगराच्या माथ्यावर बिरोबाचं देऊळ होतं. जत्रेच्या दिवशी आसपासच्या पाच गावांचा एकेक गडी नदीकाठावरून धावत सुटायचा, आपापल्या वाटेनं डोंगर चढायचा आणि देवळाची घंटा वाजवायचा. ज्या गावाच्या गड्याची घंटा आधी वाजेल, त्या गावाची पालखी त्या जत्रेत पुढे. तरुणपणी मायाप्पानं हा मान बोरखळात आणला होता. त्यानंतर तो मान कधी परत आला नाही. म्हाताऱ्याच्या जिवाला ती एकच टोचणी होती.

मग त्याला सिदू मिळाला. सिदू मेंढक्याचा पोर. मेंढरांमागं डोंगर तुडवून तुडवून त्याची छाती नगाऱ्यासारखी झाली होती. चढाला लागला की इतर गडी मागं राहायचे आणि हा वर जाऊन त्यांची वाट बघत बसायचा. वस्तादानं त्याला पोटच्या पोरासारखं तयार केलं. पहाटे उठवायचा, चढावर घालायचा, परतल्यावर स्वतःच्या हातानं पाय चोळून द्यायचा.

सिदूचं एकच विचित्र होतं. सुगीत खळ्यावर उफणणी सुरू झाली, भुसा उडायला लागला की त्याला खोकला यायचा. छातीत शीळ वाजायची. मग तो गुपचूप उठून लांब बांधावर जाऊन बसायचा. गडी हसायचे. म्हणायचे, "बघा रे बघा, अख्खा डोंगर पितो आणि भुशाला भितो!"

वस्तादही हसायचा. "काम चुकवायला बरा सापडलाय खोकला," म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा, पण म्हणायचा.

त्या वर्षी गावानं सिदूला धावायला निवडलं. गावाची एक जुनी रीत होती. धावणारा गडी वेशीतून डोंगराकडं वळला की सगळा गाव त्याच्यावर ओंजळी भरभरून भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळायचा. गडी जितका पिवळा, तितकी देवाची कृपा मोठी.

जत्रा जवळ आली तसा सिदू वस्तादाकडं आला. खाली मान घालून म्हणाला, "वस्ताद, एक मागणं आहे. भंडारा मी वर पोचल्यावर उधळा. वेशीत नको. माझी छाती आवळते."

"भंडारा नको?" वस्ताद म्हणाला. "अरे, देवाचा आशीर्वाद आहे तो. लोक म्हणतील, वस्तादाचा गडी देवालाच भितो."

सिदू तसाच घरी परतला. गुरूपुढं दुसऱ्यांदा तोंड उघडायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठकू आली. ती मात्र दारातूनच बोलली. "मामा, आमच्या लग्नात भंडारा उधळला, तेव्हा ह्यांना मांडवातून उचलून बाहेर न्यावं लागलं होतं. लोकांना वाटलं, नवरदेव लाजला. मी शेजारी होते. ओठ निळे झाले होते ह्यांचे."

वस्तादाला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हटलं तर गावाला काय सांगायचं, हे कळत नव्हतं. शेवटी म्हणाला, "पोरी, वेस ती केवढी! श्वास धरून पार होईल तो. चार ढांगांचं काम."

ठकू म्हणाली, "मामा, नदीपासून धावत आलेला माणूस श्वास धरेल कसा?"

आपल्या गड्यांना वस्ताद स्वतःच शिकवायचा की धावताना श्वास कधी अडवू नये. पण मान डोळ्यांपुढं आला की माणसाला स्वतःची शिकवणसुद्धा ऐकू येत नाही. "देव बघून घेईल," एवढं बोलून तो उठला.

जत्रेचा दिवस उगवला. सिदू नदीवरून निघाला तो वाऱ्यासारखा. टेकाडावरून बघणाऱ्या पोरांनी आरोळी दिली, "आपला सिदू पुढं! बाकीचे अजून ओढ्यात!" सगळा गाव वेशीत गोळा झाला. वस्ताद सगळ्यांच्या पुढं उभा होता. सिदू दिसला. लांबूनच त्यानं वस्तादाकडं पाहिलं आणि एक हात वर केला. नको, नको, असा तो हात हलत होता.

लोकांना वाटलं, गडी रामराम घालतोय. वस्तादाला कळलं होतं. एका शब्दानं त्यानं सगळ्या ओंजळी थांबवल्या असत्या, इतका त्याचा गावात मान होता. पण तो शब्द त्यानं काढला नाही.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" गाव गरजला आणि वेस पिवळी झाली.

सिदू त्या पिवळ्या ढगात शिरला. बाहेर आला तो अडखळत. चार पावलं गेला आणि गुडघ्यांवर बसला. खांदे वरखाली होऊ लागले, अंग थरथरू लागलं, डोळे मोठे झाले.

गर्दीत कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं! देव आला!"

झालं. बायका हात जोडून वाकल्या. ज्यांच्या टोपल्यांत भंडारा उरला होता, त्यांनी तोही त्याच्यावर रिता केला. आणि वस्तादानं? वस्तादानंही हात जोडले. इतक्या वर्षांनी देव आपल्या गड्यावर प्रसन्न झाला, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं. वाटून घ्यायचंच होतं त्याला.

ठकू गर्दी फोडत आली. "देव नाही आलेला, श्वास गेलाय त्यांचा! बाजूला व्हा, वारा येऊ द्या!" तिनं एकटीनं त्याला काखेत धरून ओढायला सुरुवात केली, तेव्हा कुठं लोक भानावर आले. सिदूला ओढ्याकाठी मोकळ्यावर नेलं, तोंड धुतलं, पाठ टेकवून बसवलं. डोंगरावर घंटा वाजली ती दुसऱ्याच गावाची. ती कुणी ऐकलीसुद्धा नाही.

सिदू वाचला. पण ती छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. मेंढरं त्याचा भाऊ चारायला लागला. सिदू विहिरीपर्यंत जायचा, मध्येच थांबायचा, पुन्हा चालायचा. गावातली भोळी माणसं अजून म्हणायची, "देव आला होता त्याच्या अंगात." वस्तादानं एके दिवशी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "देव आला नव्हता. पोरानं आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं." पुढच्या जत्रेपासून भंडारा फक्त डोंगरावर, धावून झाल्यावर उधळायचा, असं गावानं ठरवलं. चांगलंच ठरवलं. पण सिदूच्या उपयोगाचं ते राहिलं नव्हतं.

पारावर बोलला त्याच संध्याकाळी वस्ताद सिदूच्या ओट्यावर जाऊन बसला. सिदूच्या छातीतली शीळ तेवढी ऐकू येत होती.

शेवटी सिदू म्हणाला, "वस्ताद, मनाला लावून घेऊ नका. मीच वेशीत ओरडून सांगायला हवं होतं."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ओरडायला श्वास कुठं होता रे लेकरा तुझ्याजवळ," तो म्हणाला. "श्वास माझ्याजवळ होता."

तात्पर्य: ज्याचं दुखणं त्यालाच ठाऊक असतं. तो सांगतो तेव्हाच त्याचं ऐकावं. नंतर जोडलेले हात आणि नंतर बदललेली रीत गेलेलं बळ परत आणत नाही.