गाडीचे पाय धुणारा व्यापारी

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध वस्ताद गाड्या दुरुस्त करीत असे. गोष्टींतले ज्ञानी पुरुष बहुधा झाडाखाली बसलेले असतात. हा गाडीखाली निजलेला असे, आणि त्याचा सल्ला हवा असेल तर वाकून त्याच्या दोन पायांशी बोलावे लागे. त्याचा शिष्य गोरख. वय एकतीस, वस्तादाच्या हाताखाली नऊ वर्षे काढलेला, हाताने हुशार आणि डोक्याने तापट.

त्या गावच्या कारागिरांत एक रीत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वस्तादाने आपला पाना शिष्याच्या हाती द्यायचा. तो मिळाल्यावाचून शिष्याने वेगळे गॅरेज थाटायचे नाही. गोरखने एस.टी. स्टँडमागे शेड बघून ठेवली होती, फलकावर काय रंगवायचे तेही ठरले होते. पाना तेवढा मिळत नव्हता. विचारले की वस्ताद म्हणे, "मुरलीशेठच्या गाडीची थरथर घालव, मग बघू."

मुरलीशेठ काजूचे व्यापारी. दुकान घाटावरच्या बाजारात, घर खाली पायथ्याला. माणूस देवभोळा, बोलका, आणि आपल्या पांढऱ्या गाडीवर त्याचा जीव असा की घरच्या मंडळींना तिचा हेवा वाटावा. ब्रेक दाबला की ही गाडी थरथर कापे. पहिल्या खेपेला गोरखने चाकांचे बॅलन्सिंग केले. काही फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने मूळ शोधले. चाकाच्या आत लोखंडाची एक सपाट ताटली असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की ती दोन बाजूंनी चिमटीत धरली जाते. पुढच्या दोन्ही डिस्क वाकल्या होत्या. गोरखने नव्या घातल्या, गाडी लोण्यासारखी थांबू लागली, आणि दोन आठवड्यांत पुन्हा थरथरली. पुन्हा नव्या घातल्या, पुन्हा तेच झाले.

घट बसायला चार दिवस उरले असताना मुरलीशेठ चौथ्यांदा दारात उभे राहिले. वस्तादाने गाडीखालूनच विचारले, "शेठ, ब्रेक दाबल्यावर हात थरथरतात का बूड?"

"हा काय प्रश्न झाला?"

"हात थरथरले तर दोष पुढच्या चाकांत, बूड थरथरलं तर मागच्या. सांगा."

"हातच. आणि ऐका, मी सगळ्या बाजाराला सांगून ठेवलंय, या गोरखकडे गाडी देण्यापेक्षा बैलगाडी बरी."

गोरखचे कान लाल झाले. नवे गॅरेज निघण्याआधीच त्याचे बारसे बाजारात असे होत होते. शेठ गेल्यावर तो म्हणाला, "वस्ताद, डिस्क वाकलीय हे मला ठाऊक आहे. मालच भिकार येतो, मी काय करू?"

"चारही डिस्क भिकार?"

"मग काय माझा हात भिकार?"

वस्ताद गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "उद्या आपण दोघं शेठबरोबर बाजाराला जाऊ."

गोरख बघतच राहिला. खंडेनवमी डोक्यावर, गाडी नादुरुस्त, आणि म्हाताऱ्याला बाजार सुचतोय. पण वस्तादापुढे तोंड चालवायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिघे वर गेले. वस्तादाने बाजारात काही म्हणता काही घेतले नाही. परतताना घाटाचे पहिले वळण आले तसा शेठांनी गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि उजवा पाय ब्रेकवर रोवला. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? देवानं उतार फुकट दिलाय," ते मागे वळून म्हणाले. मागे न वळता म्हणाले असते तर बरे झाले असते. बावीस वळणे तो पाय ब्रेकवरून हलला नाही. दहाव्या वळणाला जळका वास सुटला.

"शेठ, हा वास कसला?" वस्तादाने विचारले.

"घाटाचा. रोज येतो. जंगलात काहीतरी फुलत असेल."

गोरखने खिडकीबाहेर पाहिले. ओठ चावून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

पायथ्याला घाटणदेवीचे छोटे देऊळ होते आणि शेजारी दगडी कुंड. जुन्या काळी बैलगाड्या घाट उतरून आल्या की गाडीवान इथे बैलांचे पाय धूत. बैल गेले, रीत राहिली. आता ड्रायव्हर लोक चाकावर ओंजळभर पाणी शिंपडतात, हात जोडतात आणि पुढे जातात. मुरलीशेठांची भक्ती ओंजळीत मावणारी नव्हती. त्यांनी डिकीतून चकचकीत कळशी काढली, कुंडातले गारढोण पाणी भरले आणि चाकाच्या फटींतून थेट आत, डिस्कवर, मायेने ओतले. चर्र असा आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला.

"ऐकलंत?" शेठांचे डोळे भरून आले होते. "कशी सुस्कारा सोडते बघा. दमलेली असते बिचारी."

देवळापाशी चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे बघून शेठ म्हणाले, "गाडीची सेवा मी अशी करतो, आणि हा बघा गोरख. तीनदा हात लावला, गाडी होती तिथेच." ड्रायव्हर हसले. आता मात्र गोरखचा तोल गेला. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडले, आणि त्याच क्षणी वस्तादाने प्रसादाच्या खोबऱ्याचा अख्खा तुकडा त्या उघड्या तोंडात कोंबला.

"प्रसाद आहे, चावून खा," वस्ताद म्हणाला, आणि शेठांना नमस्कार करून चालू लागला.

गॅरेजपर्यंत गोरख चावत होता. तिथे पोचताच तो फुटला. "मला का बोलू दिलं नाहीत? चोर डोळ्यांदेखत सापडला होता. तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी, मग डिस्क वाकेल नाहीतर काय? चार लोकांत त्याची अशी जिरवली असती की पुन्हा बाजारात माझं नाव घेतलं नसतं."

वस्ताद बाकावर बसला. "पाणी वाईट आहे का?"

"नाही."

"डिस्क वाईट आहे?"

"नाही. वेळ चुकली."

"मग तू कोणती वेळ साधत होतास? तो माणूस भक्तीनं तापलेला, चार लोकांपुढे उभा. त्याच्यावर तू कळशीभर गार सत्य ओतणार होतास. तुझं सत्य खरंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो वाकला असता. डिस्क वाकली तर नवी घालता येते, गोरख. घाटाखाली मुरलीशेठ एकच आहे. सत्य सांगायचंच, पण आधी लांबून हात धरून बघायचं, धग किती आहे ती. हाताला सोसली की सांगायचं."

 गोरखला शेठांचा राग अजून होताच. पण आपणही चांगलेच तापलो होतो हे त्याला कळले आणि मनातून तो थोडा शरमला. मला विचाराल तर शरम वाटणे ही त्या दिवसातली खरी दुरुस्ती होती.

दुसऱ्या दिवशी बाजाराला सुट्टी. जेवणे उरकल्यावर, दुपारच्या सुमाराला, गोरख शेठांच्या घरी गेला. शेठ झोपाळ्यावर पान जमवीत होते. गोरखने गाडीचा विषय काढलाच नाही. तो म्हणाला, "शेठ, ते बैलांचे पाय धुण्याचं तुमच्याकडे कधीपासून?"

शेठांची कळी खुलली. आजोबांची खिल्लारी जोडी, तिचे घुंगूर, तिच्या शिंगांचा रंग, अर्धा तास तेच चालले. गोरख ऐकत राहिला. मग त्याने विचारले, "घाट उतरले की आजोबा लगेच पाणी घालायचे?"

"छे रे. वेडा का तू? घामेजल्या बैलावर गार पाणी घातलं तर बैल आखडतो. आधी तासभर सावलीत बांधायचे, अंग निवालं की मग..."

शेठ थांबले. झोपाळाही थांबला. त्यांनी अंगणात उभ्या पांढऱ्या गाडीकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे मीच?" शेठ हळूच म्हणाले. "मी तिला रोज..." त्यांचा चेहरा असा पडला की गोरखला खरोखर वाईट वाटले.

"तुम्ही मायेनंच केलंत, शेठ. तासभर थांबून धुतली तर काही बिघडत नाही. आणि उतारावर दुसरा गिअर राहू द्या, म्हणजे ब्रेक तापणारच नाही."

"पाण्याचं पटलं," शेठ सावरत म्हणाले, "पण पेट्रोल?"

"गिअरमध्ये असताना पाय उचललात की आजची गाडी उतारावर पेट्रोल जवळजवळ पीतच नाही."

हे ऐकून शेठांचे अर्धे दुःख जागच्या जागी ओसरले. मग ते एकाएकी म्हणाले, "अरे, काल मी तुला चार लोकांत बोललो. तू तिथंच का नाही सांगितलंस?"

गोरखला क्षणभर खरे उत्तर देण्याचा मोह झाला. तो म्हणाला, "देवीच्या दारात नको वाटलं."

शेठांनी आत हाक मारून चहा आणि काजूची उसळ सांगितली. बाजारात मी बोललो ते मीच निस्तरतो, असे तेच आपणहून म्हणाले.

संध्याकाळी गोरख गॅरेजवर आला आणि गाडीखालून दिसणाऱ्या दोन पायांना सारी हकीकत सांगितली. पाय स्वस्थ होते.

"शेठ चिडला?"

"नाही. बसवून खाऊ घातलं."

"त्याची चूक कुणी काढली?"

"त्यांनीच."

गाडीखाली थोडा वेळ पान्याची खुटखुट चालली. मग आवाज आला, "उद्यापासून दुपारी इथं येऊ नकोस. स्टँडमागची तुझी शेड झाडून घे, खंडेनवमीला पाहुणे येतील."

"पण वस्ताद, नव्या डिस्क घालून महिनाभर गाडी चालवून बघायला हवी. थरथर गेली का ते कळायचंय."

"तिची गेली का ते शेठ बघेल," वस्ताद म्हणाला.

गोरखने मान डोलावली. नऊ वर्षांत प्रथमच, सांगितलेले दुसऱ्यांदा न विचारता, तो झाडू शोधायला गेला.