रेघ असलेला पेला

हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. माझं एकटीचं नाही, आमच्या अख्ख्या वाडीचं. म्हणून मी सांगत नाहीये, लिहितेय.

“पण बाई, चुकलं कुठे, ते तरी सांगा.”

गवस सर हे तिसऱ्यांदा विचारत होते. सामंतबाई खिडकीशी बसल्या होत्या. कागद त्यांच्या मांडीवर होता, पेन कागदावर होतं. सही नव्हती.

सामंतबाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. काच आतून कशी रचलेली असते, यावर त्यांनी तीस वर्षं काम केलं. आता दर रविवारी त्या आम्हा वाडीवाडीच्या मुलींना गणित शिकवतात. काल मी एकटीच गेले होते. खाली चटईवर बसून उदाहरणं सोडवत होते.

गवस सर त्यांचे जुने विद्यार्थी. परदेशात शिकून आलेले, पेपरात फोटो येणारे. ते आले तेव्हा मी त्यांना पेल्यातून पाणी नेऊन दिलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं नाही. बॅगेतली स्वतःची बाटली काढली आणि तिच्यातलं प्याले.

“तिकडचं पाणी अजून संपलं नाही वाटतं,” बाई म्हणाल्या होत्या.

सर हसले होते. आता हसत नव्हते.

आमच्याकडे काजूच्या हंगामात माकडताप येतो. आधी रानात माकडं मरतात. मग त्यांच्या अंगावरच्या गोचिडी माणसांना चावतात. मेलेलं माकड कुठे सापडलं हे कळलं, की ताप कुठे येईल याचा अंदाज बांधता येतो. सरांचा प्रोग्राम तेच करतो. मुळात तो काचेसाठी लिहिलेला आहे, असं ते म्हणाले. काचेत अणू कसेही पडलेले असतात, रांग नाही की ओळ नाही. तरी त्यातला कोणता आधी ढळणार, ते प्रोग्राम ओळखतो. गावंही तशीच पडलेली असतात.

त्या कागदावर तेवीस गावं होती. नऊ धोक्याची, चौदा सुरक्षित. सोमवारपासून रक्त तपासणारं पथक फक्त नऊ गावांत जाणार होतं. बाईंची सही असेल तर आरोग्य खात्याचे साहेब लगेच मान्य करतील, म्हणून सर आले होते.

“एकदा वाचून दाखव,” बाई म्हणाल्या. “चौदा.”

सर वाचू लागले. मी मान खाली घालून भागाकार करत होते.

“... उंबरघोळ. तीन वर्षांत एकही मेलेलं माकड नाही. शून्य.”

माझी पेन्सिल थांबली.

उंबरघोळ माझं गाव आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वानर मेला होता आणि पोलीसपाटलांनी तो कळवला होता. मग बागेत जायला महिनाभर बंदी आली. काजू झाडाखाली कुजला, आणि त्या वर्षी आमच्या वाडीत एकही लग्न झालं नाही. तेव्हापासून कळवायचं बंद झालं. वानर म्हणजे मारुतीचा वंश. त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळतात, हळद-कुंकू वाहतात आणि देवळामागे पुरतात. जाणती माणसं आम्हाला एवढंच सांगतात, “कोणाक सांगूचा नाय.” आत्तापर्यंत पाच पुरले. शेवटचा मागच्या महिन्यात. त्याचा खड्डा माझ्या काकांनी खणला.

काकांना शुक्रवारपासून ताप आहे. ते म्हणतात, ऊन लागलं. पथक आमच्याकडे दर बुधवारी येतं. बुधवारी काय ते कळलं असतं.

मी पुन्हा पेन्सिल चालवली. पण बाईंनी पाहिलं होतं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, तरी मला ते कळलं.

“निखिलेश,” त्या म्हणाल्या, “तुझ्या त्या काळ्या पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत.”

कपाटातून त्यांनी दोन काळपट पट्ट्या काढल्या. त्यांच्यामध्ये काच धरली आणि उजेडाकडे पाहिलं, की काचेत अडकून राहिलेला ताण रंगांत दिसतो. बाईंनी माझ्याकडे एक पट्टी दिली, सरांकडे दुसरी. मी आणलेला पेला उचलून त्यातलं पाणी त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. मग पेला तळाशी मुठीत पकडून पट्ट्यांच्या मध्ये धरला.

काठाखाली एक रंगीत पट्टा उमटला. जांभळा, त्याच्या शेजारी पिवळा.

“यात उकळतं पाणी ओतलं तर कुठे तडकेल?”

“इथे.” सरांनी बोट दाखवलं. “काठाखाली दोन बोटांवर.”

“नक्की?”

“बाई, हे मी तुमच्याकडेच शिकलो.”

बाई आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. तेवढा वेळ सर मोबाइलवर बोटं फिरवत होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. ते पेल्याबद्दल होतं, की दुसऱ्या कशाबद्दल, ते मला अजून नीट कळलेलं नाही. 

त्या पेल्याबद्दल मला माहीत होतं. बाईंचे सहा पेले शेजारी हळदीकुंकवाला जातात आणि दुसऱ्यांच्यात मिसळतात. म्हणून बाईंनी प्रत्येकाच्या बुडाला काच कापायच्या हिरकणीने एक रेघ ओढलीय. रेघेच्या पेल्यात चहा ओतायचा नाही, हे त्या घरी येणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. कुणी कुणाला सांगत नाही. माहीत असतं.

बाईंनी मोरीत पेला ठेवला आणि पातेल्यातलं पाणी ओतलं.

काही झालं नाही.

वाफ वर येत राहिली ...

टक्.

बूड खालून सुटलं. पाणी मोरीतून वाहून गेलं. काठ तसाच्या तसा होता, रंगीत पट्ट्यासकट.

सरांनी रुमालाने बूड उचललं, उलटं केलं, उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं.

“ही रेघ आहे इथे.”

“आहे.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“नाही.”

“मग हे बरोबर नाही, बाई. पट्ट्यांत ओरखडा दिसत नाही. तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला होतं. तनूलाही होतं.” बाईंनी पदराला हात पुसले. “तू ते पाणी प्यायला असतास, तर तुझ्या बोटाला लागली असती.”

 सरांची मान हळूहळू वळली. आधी चटईकडे, मग माझ्या वहीकडे, मग माझ्याकडे. कागदावरची चौदा नावं त्यांनी पुन्हा पाहिली.

“तू कुठल्या गावची?”

मी सांगितलं.

ते खाली बसले, माझ्यासमोर, जमिनीवर. लॅपटॉप उघडला. स्वतःचा आवाज अगदी हळू केला. तुमच्याकडे माकडं मरतात का? किती मेली? कधी? कुठे? त्यांची बोटं बटणांवर ठेवलेली होती, वाट बघत.

माझ्या डोळ्यांसमोर देवळामागची जागा आली. काकांची कुदळ आली. आणि सगळ्यांचे चेहरे आले, ज्यांनी माझ्यासमोर बोलताना आवाज कमी केला नव्हता.

मी ओठ मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी आलं, ते वहीवर पडलं आणि भागाकारावरचा कागद फुगला.

बाईंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. सरांची बोटं आत सापडता सापडता राहिली.

“हिला नाही विचारायचं.”

“मग कुणाला विचारू? उद्या सोमवार आहे, बाई.”

बाईंनी सही न केलेला कागद त्याच्या घडीवर पुन्हा दुमडला आणि सरांच्या खिशात घातला.

“उंबरघोळला जा. पहिलं घर लागेल, तिथे पाणी माग.”

सर थांबून राहिले.  बाई काचा गोळा करायला वाकल्या.

मी कालपासून त्यावरच विचार करतेय. शाळेतही तेच डोक्यात होतं. आमच्या वाडीतलं पहिलं घर आमचं आहे. काका आतल्या खोलीत झोपलेत, अंग अजून तापलेलंच आहे. मला वाटतं, बाईंना म्हणायचं होतं की ...

“तनू, तांब्यो घेवन ये गो. भायर कोण तरी पाणी मागता.”