आगेऱ्याची ओली सुकेळी

एकदा एक म्हातारी समुद्राकाठच्या एका ख्रिस्ती गावात राहत होती. ती राजेळी केळ्यांची सुकेळी करी. पिकलेली केळी सोलून दिवसभर उन्हात मांडायची, सूर्य कलला की केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उघडायची. असे बरेच दिवस चाले, तेव्हा कुठे केळे मधासारखे होई. तिच्या सुकेळीचे गावात नाव होते, आणि त्याहून जास्त नाव होते तिच्या शांत स्वभावाचे.

तिच्याकडे एक तरुण आई हे काम शिकायला येई. तिचा मुलगा इनास तीन वर्षांचा झाला तरी पायांवर उभा राहत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "व्यायाम करून घ्या, वेळ लागेल." किती वेळ, ते कोणी सांगेना. ती रोज प्रार्थना करी, आणि आमेन म्हणता म्हणताच डोळे उघडून पोराच्या पायांकडे बघे.

आगेरा जवळ आला. आगेरा म्हणजे तिकडचा नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या कापून मुले मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात, मागून मोठी माणसे आपापले अर्पण घेऊन जातात. तिने मनाशी ठरवले, आपल्या हातची पहिली सुकेळी त्या दिवशी देवाला द्यायची. अगदी पूर्ण झालेली, उत्तम. म्हणजे देव प्रसन्न होईल आणि पुढच्या आगेऱ्याला इनास चार मुलांसारखा चालत जाईल. यंदा मात्र त्याला घरीच ठेवायचे. लोकांच्या नजरा नकोत.

पण आभाळ भरून राहिले. ऊन पुरेना, आणि सण तर तोंडावर आला. तिने घाई केली. चुलीवर पत्रा टाकला आणि केळी त्यावर मांडली. ती वरून काळी, कडक झाली. तिला वाटले, जमले! एक मोडून पाहिले, तर आत ओलेच, आणि आंबूस वास.

ती रडत म्हातारीकडे गेली. "मावशी, उद्या आगेरा. आता देवाला काय देऊ? माझ्या हातून काहीच वेळेवर पुरं होत नाही. केळं नाही, की पोर नाही."

म्हातारी उठली. तिने आपल्या पानांच्या गुंडाळ्या सोडल्या. तिचीही केळी अजून अर्धीच सुकली होती, हाताला चिकटत होती. तीच तिने सुपात नीट मांडली, वर धुतलेला रुमाल घातला आणि म्हणाली, "उद्या हीच न्यायची. आणि इनासला आंघोळ घालून आण."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात शेजारच्या नातालीनबाईने रुमाल उचलून पाहिला. "अगं बाई! मावशी, एवढी नावाजलेली तू, आणि देवाला ओली सुकेळी? फादरांचे हात बरबटतील ना!"

"धुतील की. मागे विहीर आहे."

बायका हसल्या. तरुण आईला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. इनासला पदराआड घेत ती हळूच म्हणाली, "मावशी, खरंच, का आणलीस गं? थोडे दिवस थांबलो असतो तर छान झाली असती."

तेव्हा म्हातारी म्हणाली, "पोरी, त्या मुलांच्या हातातल्या लोंब्या बघ. बाकीचं भात कुठं आहे? शेतातच उभं आहे. वारा येईल, पाऊस येईल, कोण सांगणार? तरी आपल्या वाडवडिलांनी आज आभार मानायची रीत घातली. कणगी भरल्यावर कुणीही आभार मानेल. आणि उन्हात असतं तेव्हाच केळं सुकतं असं नाही. पानात गुंडाळलं की आतला ओलावा सावकाश वर येतो, मग सकाळचं ऊन तो नेतं. तू ते झाकून ठेवणंच गाळलंस, म्हणून आतून आंबलं. प्रभू येशूही नासरेथला सुताराच्या घरी कितीतरी वर्षं झाकलेलाच राहिला ना? मारियामातेनं त्याला रोज विचारलं असेल का, 'तू जगाचा तारणारा कधी होणार' म्हणून? तिनं त्याला जेवू घातलं आणि तो आपला आहे यातच सुख मानलं. तू देवाशी सौदा करत होतीस, सुकेळी घे नि पाय दे. इनास काही अर्धा नाही. आज आहे तोच तुझा अख्खा मुलगा आहे. दाखव की देवाला!"

मुलांची रांग निघाली. आईने पदर सारला, इनासला कडेवर नीट घेतले, त्याच्या मुठीत लोंब्या दिल्या आणि ती मुलांच्या मधोमध चालू लागली. एवढ्या मुलांमध्ये ती एकटीच मोठी होती.

"पुढच्या वर्षी चालेल हो तो," नातालीनबाई मायेने म्हणाली.

"चालेल तेव्हा चालेल. आज त्याचे पाय मी आहे." तिची मान ताठ होती.

वेदीपाशी फादरांनी हात पुढे केला. इनासने लोंब्या आणखी घट्ट धरल्या. फादर थांबले. मागची सगळी रांग थांबली. कोणी खाकरले, कोणी कुजबुजले. आईने त्याची बोटे सोडवली नाहीत, की त्याला दटावले नाही. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, जणू एवढे देखणे काही त्या चर्चमध्ये कोणी आणलेच नव्हते.

मग त्याने आपल्या मनाने मूठ उघडली.