धाऊच्या हातातला दोर

घाटात सडक यायच्या कितीतरी आधी, आग्याच्या कड्यावरची मोहोळं काढणारं एक जोडपं होतं. धाऊ ठाकर आणि त्याची बायको बुधी. लग्न झाल्यापासून धाऊ दोराला लटकून कडा उतरायचा आणि वर बुधी दोर धरायची. दुसऱ्या कुणाच्या हाती त्याने तो कधी दिला नाही.

पुढे देवीच्या साथीत धाऊचे डोळे गेले. बुधीने त्याला भरवलं, हात धरून हिंडवलं. कड्याकडे मग दोघंही गेली नाहीत. असं म्हणतात, की त्या वर्षांत मोहोळं इतकी माजली, की सगळा खडक काळा दिसायचा.

एका दुपारी शेळीमागे धावताना सोनी नावाची पोर कड्यावरून घसरली आणि खाली कपारीत अडकली. उतरायला कुणी धजेना. बुधीचे केस तोवर पांढरे झाले होते. तिने जुना दोर काढला. गडी पुढे झाले, तर म्हणाली, "धाऊ धरील."

धाऊने दोर कमरेला घेतला, पाय रोवले.

"बुधे, मला काही दिसत नाही."

"वर बसून मला तरी तू कुठं दिसायचास?" एवढं बोलून ती उतरली.

पोर आधी वर आली. दोर परत खाली गेला आणि तेवढ्यात माशा उठल्या. लोक पोरीला उचलून पळाले. धाऊ एकटा उरला. माशा त्याच्या तोंडावर, कानांत, पापण्यांवर बसल्या. दोर ढिला पडला होता. बुधी कपारीत आहे की दरीत गेली, कळेना. जन्मात भ्याला नव्हता एवढा तो भ्याला. पण मूठ सुटली नाही.

बऱ्याच वेळाने दोराला हिसका बसला. तो ओढत राहिला, हाताला हात लागेपर्यंत.

"आलीस?"

"आले."

असं म्हणतात, की तेवढं ऐकून सगळ्या माशा एकदम उडून गेल्या. लोक परतले तेव्हा धाऊ सुजून ओळखू येत नव्हता, आणि बुधी त्याच्या पापणीतले काटे काढत बसली होती. दोघं पुढे पुष्कळ जगली. गेली ती एकाच पावसाळ्यात.

अजून त्या कड्यावर मोहोळ काढतात. उतरणारा वर आला, की दोर धरणारा विचारतो, "आलीस?" उतरणारा मिशीवाला गडी असला तरी "आले" म्हणतो. कुणी हसत नाही. ते ऐकल्याशिवाय दोर खाली ठेवत नाहीत.